सासूबाईंच्या मानेतील गाठ आखाजीपासून तशीच आहे : सुईची तपासणी करावी की गाठ काढूनच टाकावी?

प्रश्न : चोपड्याची सून

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ५६ वर्षे असून आम्ही चोपडा तालुक्यातील एका गावात राहतो. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूस, जबड्याच्या कोपऱ्याखाली, एक लहान गाठ हाताला लागू लागली. ती दुखत नव्हती आणि तापही नव्हता, म्हणून त्यांनी कोणाला काही सांगितले नाही. पदर मानेभोवती घेऊन त्या शेतात जात राहिल्या. श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी भाऊबंद जमले, तेव्हा नणंदेच्या ती नजरेस पडली आणि घरात चर्चा सुरू झाली. आता पोळाही होऊन गेला. गाठ सुपारीएवढी टणक झाली आहे, आणि पूर्वी ती बोटाखाली सरकत असे, तशी आता सरकत नाही, असे मला वाटते.

गावातील डॉक्टरांनी प्रथम प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या. गाठ किंचित ओसरल्यासारखी वाटली, परंतु गोळ्या संपल्यावर पुन्हा पूर्ववत झाली. दुसऱ्यांदा अधिक तीव्र गोळ्या दिल्या, त्यांचा काहीच उपयोग झाला नाही. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारा आकडा) वाढलेला आला. थायरॉईडचा अहवाल मात्र बरोबर आहे. त्यानंतर एका सर्जननी गाठ लहान असल्यामुळे ती सरळ काढून तपासणीला पाठवू, असे सुचवले, तर दुसऱ्या डॉक्टरांनी आधी सुईची तपासणी करून घ्या, असे सांगितले. माझ्या यजमानांचे म्हणणे असे की गाठीला सुई टोचली की ती पसरते. चुलत सासरे म्हणतात की हे साधे अवधाण आहे, बिब्ब्याचा चटका दिला की बसेल. एका नातेवाइकांनी कांचनार गुग्गुळ हे आयुर्वेदीय औषध आणून दिले आहे. सासूबाईंचे स्वतःचे मत असे की दुखत नाही तोवर राहू द्यावे, कापसाची वेचणी आटोपली की पाहू.

त्या तरुणपणापासून रोज मिश्री (भाजलेली तंबाखू) लावतात, हे मात्र आजवर कोणत्याही डॉक्टरांनी विचारलेले नाही. खोकला नाही, पण ब्लाउज सैल होऊ लागले आहेत. कोणत्या डॉक्टरांकडे जावे, आधी काय करावे आणि वेचणीपर्यंत थांबणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : कान-नाक-घसा तज्ज्ञ, धुळे

ताई, गाठ न तपासता तिचे निदान सांगणे योग्य नाही आणि मी ते सांगणार नाही. मात्र आपण लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र ठेवल्या, म्हणजे चाळिशीनंतरचे वय, काही महिने टिकलेली व वाढत असलेली टणक गाठ, तिची कमी झालेली हालचाल आणि अनेक वर्षांची मिश्री, तर वेचणीपर्यंत थांबणे योग्य नाही, एवढे मी निःसंकोचपणे सांगू शकतो. गाठ दुखत नाही हे समाधानाचे कारण मानू नये. दुखणारी, लाल, गरम गाठ बहुधा ताज्या जंतुसंसर्गाची असते आणि ती बरीही लवकर होते. आम्हाला अधिक काळजी वाटते ती न दुखणाऱ्या गाठीची.

मानेतील गाठ म्हणजे एकच आजार नव्हे. गळ्याच्या मध्यभागी असलेली आणि आवंढा गिळताना वर सरकणारी सूज बहुतेक वेळा थायरॉईडची असते. जेवायला बसताच जबड्याखाली फुगणारी आणि नंतर उतरणारी सूज लाळग्रंथीच्या नळीत खडा अडकल्यामुळे येते. मऊ, वर्षानुवर्षे तेवढीच राहणारी गाठ चरबीची असू शकते. परंतु मानेच्या कडेला असलेल्या बहुसंख्य गाठी लसीका ग्रंथींच्या (लिम्फ नोडच्या) असतात, आणि ज्या भागातून लसीका त्यांच्याकडे वाहून येते, त्या भागात काही बिघडले की त्या सुजतात. डोक्यात उवा होऊन खाजवल्याने जखमा झालेल्या मुलाच्या मानेमागे गाठी येतात, किडलेल्या दाढेमुळे जबड्याखाली येते. आपले चुलत सासरे ज्याला अवधाण म्हणतात ते हेच, आणि मूळ जखम भरली की ते दोन-तीन आठवड्यांत उतरते. आखाजीपासून पोळ्यापर्यंत टिकलेल्या गाठीला साधे अवधाण समजणे धोक्याचे आहे. बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याने कातडी भाजते, फोड येतात, जखम चिघळते आणि नंतर गाठ मूळची कशी होती हे तपासणाऱ्यालाही समजेनासे होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकलेल्या, संसर्गाची कोणतीही खूण नसलेल्या गाठीसाठी प्रतिजैविकांचे एकामागून एक कोर्स देत राहू नये, असे आमच्या शाखेतील मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणून तिसरा कोर्स नको. त्यातही लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या काही औषधांचा क्षयाच्या जंतूंवर अर्धवट परिणाम होतो. गाठ थोडी ओसरते, निदान लांबते आणि तपासणीत जंतू सापडणे अवघड होते. निदानाआधी दिलेली स्टेरॉइड तर त्याहून वाईट, कारण लसीका ग्रंथींचा कर्करोग त्यामुळे काही काळ लपून राहतो. आपल्याला दिलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे जपून ठेवावीत आणि पुढील डॉक्टरांना दाखवावीत.

आता सुईबद्दल. या तपासणीत सुईने गाठीतील थोड्या पेशी काढून त्या तपासल्या जातात. ही तपासणी करणारी सुई रक्त काढण्याच्या सुईएवढी किंवा तिच्याहून बारीक असते. भूल लागत नाही, दाखल व्हावे लागत नाही, काही मिनिटांत काम होते. सुई टोचल्याने गाठ पसरते ही समजूत आमच्या भागात फार खोलवर रुजलेली आहे. पुष्कळदा असे घडते की रोग आधीच पसरलेला असतो, सुईने तो उघड होतो आणि दोष सुईच्या माथी येतो. मानेतील गाठींसाठी बारीक सुईची तपासणी जगभर अनेक दशके पहिली तपासणी म्हणून केली जाते आणि सुईच्या मार्गाने रोग पसरण्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत.

उलट, निदान नसताना गाठ कापणे हेच अधिक नुकसानीचे ठरू शकते. ती कर्करोगाची असेल तर पुढची मोठी शस्त्रक्रिया व्रण पडलेल्या, चिकटलेल्या मानेत करावी लागते. ती क्षयाची असेल आणि तिला नुसता चिरा दिला, तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. याचा अर्थ गाठ काढण्याची वेळ कधी येतच नाही असा नव्हे. सुईच्या अहवालात लिम्फोमाचा, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा, संशय आला, तर संपूर्ण ग्रंथी काढूनच तपासावी लागते, कारण तिची आतील रचना सुईत आलेल्या थोड्या पेशींवरून कळत नाही. पण तो निर्णय सुईनंतरचा.

सुईच्याही आधी एक गोष्ट होणे आवश्यक आहे, आणि खेदाने सांगतो की हीच गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते : तोंडाची नीट तपासणी. प्रकाशझोतात जीभ बाहेर ओढून तिच्या कडा पाहाव्या लागतात, हिरड्या आणि गालाची आतील बाजू पाहावी लागते, जिभेच्या मुळाशी बोट फिरवावे लागते आणि दुर्बिणीने नाकाची मागची बाजू, घसा व स्वरयंत्र पाहावे लागते. मिश्री लावणाऱ्या व्यक्तीच्या हिरडीवर किंवा गालात न दुखणारा व्रण असतो, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि पहिली तक्रार मानेतील गाठीची येते. सासूबाईंचा आवाज बसला आहे का, गिळताना काही अडकते का, डाव्या कानात ठणका लागतो पण कान तपासल्यावर स्वच्छ निघतो असे झाले आहे का, हे त्यांना घरीच शांतपणे विचारून ठेवावे. तसेच मिश्रीची माहिती डॉक्टरांनी विचारली नाही तरी आपण होऊन सांगावी.

त्यामुळे कान-नाक-घसा तज्ज्ञ हा आपला पहिला दरवाजा असावा. चोपड्याहून जळगाव जवळ पडते. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आणि पेशी तपासणारा विभाग एकाच आवारात असल्यामुळे नमुना घेऊन हिंडावे लागत नाही.

उत्तर २ : वैद्य, अमळनेर

कांचनार गुग्गुळाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमच्या शास्त्रात हे औषध गंडमाळा, गलगंड अशा मानेतील गाठींवर सांगितलेले आहे, हे खरे आहे. परंतु माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथाने गलगंड, गंडमाला, अपची, ग्रंथी आणि अर्बुद हे विकार एकाच अध्यायात घेऊन त्यांची लक्षणे वेगवेगळी दिली आहेत, ती उगीच नव्हेत. यांपैकी नेमके काय आहे हे ठरवल्याशिवाय नातेवाइकांनी पुडी आणून देणे हे आयुर्वेदही नव्हे. माझ्याकडे अशी टणक गाठ घेऊन रुग्ण आला, तर मी त्याला प्रथम सुईच्या तपासणीला पाठवतो. निदानानंतर आपल्याला काही आयुर्वेदीय औषध घ्यावेसे वाटले, तर मुख्य उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगून घ्यावे. विशेषतः क्षयाच्या गोळ्या सुरू असतील तर यकृतावर आधीच ताण असतो, हे ध्यानात ठेवावे.

उत्तर ३ : शिक्षिका, शहादा

ताई, मला स्वतःला गंडमाळेचा, म्हणजे मानेतील ग्रंथींच्या क्षयाचा आजार झाला होता. आपल्या सासूबाईंना तेच असेल असे मला म्हणायचे नाही, परंतु वाढलेला ईएसआर आणि उतरलेले वजन वाचून काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

माझी गाठ मऊ पडल्यावर एका ठिकाणी तिच्यात पू आहे असे समजून चिरा देण्यात आला. पुढे ती जखम भरेना, रोज पट्टी बदलावी लागे, आणि वर्गात मुलांसमोर मान झाकून उभे राहावे लागे. निदान झाले ते त्यानंतर, नंदुरबारला. आपल्या देशात फुप्फुसाबाहेरच्या क्षयात मानेच्या ग्रंथींचा क्षय सर्वाधिक आढळतो, ही माहिती मला तेव्हा मिळाली. तोवर खोकला नसेल तर क्षय नसतो, अशीच माझी समजूत होती.

नमुना देताना एक काळजी अवश्य घ्यावी. सुईतून निघालेल्या द्रवाचा काही भाग काचपट्टीवर पेशी पाहण्यासाठी जातो. उरलेला सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीसाठी पाठवा, अशी विनंती आधीच करावी. त्या तपासणीत क्षयाचे जंतू आहेत की नाहीत आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्यांना लागू पडेल की नाही, या दोन्ही गोष्टी कळतात. पुढे कधी ग्रंथीचा तुकडा काढण्याची वेळ आली, तर सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये घालू देऊ नये. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) करता येत नाही. म्हणून एक भाग साध्या सलाईनमध्ये वेगळा ठेवावा लागतो. माझ्या बाबतीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेल्यामुळे पुन्हा नमुना द्यावा लागला.

उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. सरकारी यंत्रणेत औषधे मोफत मिळतात, आणि खासगी डॉक्टरांकडे निदान झाले तरी निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी प्रणालीवर नोंद होते. त्या नोंदीवर पोषणासाठी थेट खात्यात पैसे येतात. मला दरमहा ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० रुपये झाली आहे. शंका असल्यास १८००-११-६६६६ हा निक्षय संपर्काचा मोफत क्रमांक आहे. उपचारांच्या मध्यावर माझी गाठ पुन्हा फुगली आणि शेजारी दुसरी आली, तेव्हा औषध लागू पडत नाही असे वाटून मी खचले होते. डॉक्टरांनी समजावले की मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया म्हणून असे काही रुग्णांत घडते. तरीही अशा वेळी तपासून घ्यावे, स्वतःहून गोळ्या सोडू नयेत. उपचार पूर्ण झाल्यावरही माझ्या मानेत बारीक कडक गाठ शिल्लक आहे आणि ती तशी राहू शकते.

घरातील वागणुकीविषयी थोडेसे. आमच्याकडे माझे ताट वेगळे काढण्यात आले होते. केवळ ग्रंथींचा क्षय असलेल्या माणसापासून घरातल्यांना संसर्ग होत नाही, आणि ताट-तांब्यातून तर कोणताच क्षय पसरत नाही. फुप्फुसात काही नाही ना, हे छातीच्या एक्स-रेने पाहिले जाते. ते एकदा स्पष्ट झाले की सासूबाईंना स्वयंपाकघराबाहेर बसवण्याचे काही कारण उरत नाही. आपण सून आहात, म्हणून हे आपल्या हातात अधिक आहे.

उत्तर ४ : रावेरकर

भगिनी, आमच्या वडिलांच्या बाबतीत निदान दुसरे निघाले, म्हणून तीही बाजू सांगतो. त्यांना तंबाखू-चुन्याची सवय होती. मानेतील गाठीच्या सुईच्या अहवालात स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कर्करोगाचा एक प्रकार) असे शब्द आले आणि मूळ जागा जिभेच्या मुळाशी सापडली. तोंडात त्यांना कधी काही दुखले नव्हते.

भुसावळहून गाडी सोयीची असल्यामुळे आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस असे सहा-सात आठवडे चालतात, त्यामुळे खरा प्रश्न औषधांपेक्षा तेथे राहण्याचा येतो. धर्मशाळांची माहिती रुग्णालयातील समाजसेवा विभागात मिळते आणि रेल्वेच्या सवलतीसाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबई झेपणार नसेल तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आपल्याला जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि रेशनकार्डाचा रंग आता आड येत नाही. मात्र योजना नोंदणीकृत रुग्णालयातच लागू होते. तेव्हा रेशनकार्ड व आधार घेऊन तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीला, उपचार सुरू होण्यापूर्वी भेटावे, पैसे भरून झाल्यावर नव्हे. दोन्ही कार्डांवर नावाचे स्पेलिंग जुळत नसेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्यावे. आमचा सर्वाधिक वेळ त्यातच गेला.

किरणोपचारांपूर्वी दातांची तपासणी करून खराब दात काढावे लागतात, कारण नंतर काढल्यास जबड्याचे हाड न भरण्याचा धोका असतो. वडिलांचे तोंड अजून कोरडे पडते आणि भाकरी त्यांना वरणात कुस्करून द्यावी लागते, परंतु ते आमच्यात आहेत. गाठ दिसल्यापासून निदानापर्यंतचा काळ जितका लहान, तितका उपचार हलका, असे तेथील डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट सांगितले होते.

चोपड्याची सून

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि ते सुईच्या तपासणीला तयार झाले आहेत. वेचणीसाठी जाऊबाई व मी मजूर लावून घेऊ, असे सांगितल्यावर सासूबाईही राजी झाल्या. सोमवारी जळगावला जाणार आहोत. त्यांनी कान दुखत असल्याचे आज प्रथमच सांगितले; उन्हाळ्यात कानात तेल घालून पाहिले होते म्हणे. दोन शंका आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी आणि रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिन सुरू आहे, ती बंद करावी का? आणि उपाशीपोटी न्यावे लागेल का?

उत्तर ५ : कान-नाक-घसा तज्ज्ञ, धुळे

कानदुखीची माहिती फार महत्त्वाची आहे. ती केसपेपरवर लिहून घेण्यास सांगा. कान आणि घसा यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसा सामाईक असल्यामुळे घशातील दुखणे कानात जाणवते.

सुईच्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची गरज नाही. रक्तदाबाची गोळी नेहमीप्रमाणे द्यावी. ॲस्पिरिन स्वतःहून बंद करू नये. बहुधा ती चालू ठेवूनच तपासणी होते, मात्र सुई लावणाऱ्या डॉक्टरांना ती सुरू असल्याचे आधी सांगावे, म्हणजे ते टोचलेली जागा थोडा अधिक वेळ दाबून धरतात. शक्य असल्यास मानेची सोनोग्राफी आधी व्हावी, कारण गाठीचा मधला भाग मृत पेशींचा असेल तर सुई कडेच्या जिवंत भागात नेता येते.

दरम्यान श्वास घेताना आवाज येऊ लागला, थुंकीही गिळता येईना, किंवा तापासह जबड्याखालची सूज वेगाने वाढून तोंड उघडेनासे झाले, तर सोमवारची वाट न पाहता १०८ बोलवावी.

अहवालासंबंधी शेवटचे. ‘नमुना अपुरा’ असे आले तर त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. सोनोग्राफीच्या मदतीने सुई पुन्हा लावून घ्यावी. ‘रिॲक्टिव्ह’ (ग्रंथी केवळ प्रतिक्रिया म्हणून सुजलेली) असे आले तर सामान्यतः ती चांगली बातमी असते, पण आपण वर्णन केलेल्या टणक, हलत नसलेल्या गाठीच्या बाबतीत तेवढ्या एका शब्दावर घरी परतू नये. गाठ आणि अहवाल यांचा मेळ बसत नसेल, तर दुसऱ्यांदा सुई किंवा ग्रंथीचा तुकडा, यांपैकी काय करायचे हे त्याच भेटीत विचारून तारीख लिहून घ्यावी. कांचनार गुग्गुळाची पुडीही सोबत न्यावी.